बूथचा आकडा आणि घरचं उत्पन्न

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बेळगावात चहाच्या टेबलावर दोन वाक्यं हमखास पडतात. ‘गरिबांनी गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांकडे बघून मत टाकलं’ हे एक, आणि ‘टिळकवाडीवाले (म्हणजे सुखवस्तू भागातले) मतदानाला बाहेरच पडले नाहीत’ हे दुसरं. दोन्ही खरी असतीलही. पण बोलणाऱ्याच्या मोबाईलवर पुरावा म्हणून एका बूथचं पान असतं, आणि त्या पानावर उत्पन्नाचा रकाना नसतो. ते पान वाचायचं कसं आणि वाचताना पाय कुठे घसरतो, यावर हे टिपण.

ते पान म्हणजे फॉर्म २०. मतमोजणीनंतर भरलेला अंतिम तक्ता. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ, प्रत्येक उमेदवाराला पडलेली मतं, ‘नोटा’ (यापैकी कोणीही नाही), बेरीज, आणि सगळ्यात खाली टपाली मतं वेगळी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. शोधताना एक लक्षात ठेवा. शहराचं नाव २०१४ मध्ये ‘बेळगावी’ झालं, पण मतदारसंघांची इंग्रजी नावं २००८ च्या पुनर्रचनेत ठरलेली आहेत, म्हणून दक्षिण मतदारसंघ जुन्या ‘बेळगाव’ या स्पेलिंगखाली सापडतो. पहिल्या क्रमांकाच्या निपाणीपासून मोजलं तर तो बाराव्या क्रमांकाचा. बरेचदा पीडीएफ म्हणजे नुसता स्कॅन असतो, आकडे हातानेच एक्सेलमध्ये भरावे लागतात. भरून झाल्यावर प्रत्येक ओळीची बेरीज स्वतः करून ताडा, कारण स्कॅनमध्ये ३ आणि ८ सारखेच दिसतात.

मागे किती जायचं? मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत, त्यामुळे बूथचा आकडा निघतच नसे. तो मिळतो मतदान यंत्रं आल्यापासून. २००८ मध्ये मतदारसंघांच्या सीमाच बदलल्या. त्यामुळे विधानसभेसाठी कामाच्या निवडणुका चारच: २००८, २०१३, २०१८, २०२३. त्यातही बूथ क्रमांक ८६ दर वेळी तीच गल्ली असेल असं नाही. मतदार वाढले की केंद्र फोडतात, मग पुढचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणून क्रमांकावर क्रमांक ठेवून तुलना करू नका. मतदारयादीच्या त्या भागाचं पहिलं पान उघडा, त्यावर गल्ल्यांची नावं दिलेली असतात. गल्लीवरून गल्ली जुळवा. शाळेच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. शाळा एका वस्तीत आणि मतदार दुसऱ्या वस्तीतले, हे शहरात नेहमीचं.

आता मुख्य घोळ. एखाद्या बूथवर ७०० मतं पडली आणि एका पक्षाला ४२० मिळाली, असं समजू. म्हणजे ६० टक्के. त्या ७०० पैकी ४०० जण हातावर पोट असलेल्या घरांतले आहेत, हेही आपल्याला माहीत आहे असं धरू. मग ‘गरिबांनी ६० टक्के दिलं’ असं म्हणता येईल का? उरलेल्या ३०० सुस्थितीतल्या मतदारांनी सगळी मतं त्याच पक्षाला दिली असतील, तर गरिबांकडून आली फक्त १२०, म्हणजे ३० टक्के. उलट, सगळ्या ४०० गरिबांनी तिकडेच दिलं असेल तर १०० टक्के. खरं उत्तर ३० ते १०० च्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच ते पान सांगतं. म्हणजे काहीच सांगत नाही. हाच हिशेब जिथे ७०० पैकी ६३० मतदार एकाच थरातले आहेत अशा बूथवर करा. किमान ३५०, कमाल ४२०. म्हणजे साधारण ५६ ते ६७ टक्के. हे सांगण्याजोगं आहे.

धडा सरळ आहे: मिश्र बूथ बाजूला ठेवायचे, एकजिनसी निवडायचे. पण बेळगावात एकजिनसी बूथ सापडणं कठीण. वडगाव, खासबाग, शहापूर हा मागवाल्यांचा भाग. बाहेरून बघणारा त्या सगळ्याला ‘विणकर वस्ती’ म्हणून एकच रंग देतो. आत गेलं की एकाच घरात, पुढच्या खोलीत चार माग चालवणारा मालक असतो आणि मागच्या खोलीत त्याच मागांवर नगावर मजुरी घेणारा भाडेकरू. दोघांच्या कानावर दिवसभर एकच खडखडाट, दोघांचा पत्ता एक, बूथ एक. मालकाला सूत महागल्याची आणि विजेच्या सवलतीची चिंता, मजुराला दर नगामागे मिळणाऱ्या पैशांची. मागवाल्यांत मराठी बोलणारेही आहेत आणि कन्नड बोलणारेही. त्यात तो भाडेकरू इथल्या यादीत असेलच असं नाही. पुष्कळांचं नाव मूळ गावीच असतं. मग ‘विणकरांचा बूथ’ प्रत्यक्षात घरमालकांचा बूथ निघतो.

उत्पन्न कळायचं कसं, हा पुढचा प्रश्न. जनगणनेत उत्पन्न विचारत नाहीत. घराचं छप्पर, शौचालय, वाहन, टीव्ही एवढंच विचारतात. शिधापत्रिका हा हाताशी असलेला मार्ग. कर्नाटकात बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कार्डासाठी वर्षाला १.२० लाखांची मर्यादा आहे. पण कार्ड म्हणजे उत्पन्न असं धरलं की फसलात. जमीन चुलत्यांत वाटली गेलेली, एक मुलगा गोव्यात कामाला, घरी दोन म्हशी, अशा घराचं उत्पन्न कागदावर किती दाखवायचं हे घर ठरवतं.

राज्य सरकारच्या २०२३ पासूनच्या गॅरंटी योजनांनी हा घोळ आणखी वाढवला. गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० रुपये बीपीएलपुरते आहेत, असा कित्येकांचा समज आहे. तसं नाही. एपीएल (दारिद्र्यरेषेवरच्या) कार्डावरही मिळतात. अट अशी की ती बाई किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरणारा नसावा. आणि पैसे जातात कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या बाईला. एकत्र कुटुंबात ती सासू असते. दोन सुनांच्या हाती काही येत नाही, मग कार्ड फोडायची धडपड सुरू होते. म्हणजे एका घरातल्या तीन बायकांचा त्या योजनेशी संबंध तीन तऱ्हेचा, आणि आपण मात्र ‘लाभार्थी घर’ म्हणून एकच खूण करून मोकळे.

वीजबिल माफीच्या गृहज्योती योजनेचंही तसंच. ‘२०० युनिट फुकट’ ही घोषणा. व्यवहारात योजनेआधीच्या वर्षाची सरासरी अधिक १० टक्के एवढंच माफ होतं; ज्यांची सरासरी ४८ युनिटच्या आत, त्यांना २०२४ पासून १० टक्क्यांऐवजी १० युनिट. सरासरी ६० असेल तर ६६. त्यावर वापर गेला तर वरचे पैसे भरायचे, आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल. ज्या घरात नंतर फ्रिज आला त्याची चिडचिड आणि ज्याचं बिल शून्यावर आलं त्याचं समाधान, दोन्ही त्याच गल्लीत. गरीब-श्रीमंत या दोन खणांत हे बसत नाही. शक्ती योजनेतला बाईचा फुकट बसप्रवास तर उत्पन्न विचारतच नाही. तिथे फरक पडतो तो बस कोणाच्या गावाला येते यावर. शेजारच्या खानापूर तालुक्याच्या जंगलभागात, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, शहराइतक्या बसा कुठे?

खानापूरचा विषय निघालाच आहे तर मतदानाच्या टक्केवारीबद्दल. तिथली तरुण पोरं गोव्यात, पुण्यात कामाला असतात, नावं मात्र गावच्या यादीत. बूथवर ६५ टक्के मतदान दिसलं की ‘उदासीनता’ असा शेरा मारला जातो. यादीतली शंभर नावं गावातच नसतील तर उरलेल्यांनी किती मतदान केलं हे काढायला साधा भागाकार लागतो, तेवढाही कुणी करत नाही. आपल्या देशात गरीब वस्त्या मतदानाला कमी बाहेर पडतात, हे गृहीतक मुळातच चुकीचं आहे. २०२३ च्या विधानसभेला राज्यात ७३ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि सगळ्यात मागे होतं ते बेंगळुरू शहर.

सीमाभागातली खरी गुंतागुंत भाषेची. इथे वर्गाचा परिणाम बघायचा तर भाषा स्थिर धरावी लागते, नाहीतर पैशाचा म्हणून मोजलेला फरक प्रत्यक्षात मराठी-कन्नड फरक निघतो. आणि तोच मतदार मतपेटी बदलली की वेगळा वागतो. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या संघटनेच्या) उमेदवाराला एक लाखाहून जास्त मतं पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिका पहिल्यांदा पक्षचिन्हांवर लढवली गेली आणि भाजपला स्पष्ट बहुमत मिळालं. विधानसभेत २०१३ ला समितीच्या दोन जागा होत्या, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला आणि २०२३ ला एकही नाही. दहा वर्षांत तिथल्या मराठी घरांचं उत्पन्न काही उलटंपालटं झालेलं नाही. तेव्हा ‘मराठी माणूस सुखवस्तू झाला म्हणून समितीपासून दूर गेला’ हा आवडता सिद्धांत मांडायचा असेल तर एकच करा: मराठीबहुल, पण उत्पन्नाने वेगळे असे बूथ शेजारी ठेवा. सुखवस्तू हिंडवाडीचा एक, मागवाल्या वडगावचा एक, शहराबाहेरच्या येळ्ळूर गावाचा एक. तिन्हींमधली घसरण सारखीच असेल तर कारण पैशात शोधू नका.

एवढं करूनही फॉर्म २० आपल्याला दारापर्यंतच नेतो. आत जायचं तर माणसांना विचारावं लागतं. शंभर जणांना विचारलं तर आकडा दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. त्यातले साठ माग चालवणारे आणि चाळीस नोकरदार अशी फोड केली तर प्रत्येक गटाचा आकडा तेरा-पंधरा टक्क्यांनी हलतो. मग ५२ विरुद्ध ४५ यावर भांडण्यात अर्थ नाही. मत तोंडी विचारू नका. चिन्हं छापलेली चिठ्ठी द्या, खूण करून डब्यात टाकायला सांगा. घरातली माणसं एकेकटी गाठा, कारण नवऱ्यासमोर बाई नवऱ्याचंच मत सांगते, आणि कधी कधी उलटही.

पैशाचे प्रश्न शेवटी ठेवा आणि ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ हा प्रश्न टाळा. त्याला उत्तर येतं ते बीपीएल कार्डाशी जुळणारं. त्याऐवजी माग किती आणि कोणाच्या नावावर, हे विचारा. मुलाची फी कोण भरतं, सोसायटीचं कर्ज किती, मीटर वेगळा की सामाईक. आणि कारखान्याच्या पट्ट्यात असाल तर उसाचं बिल कोणाच्या खात्यावर जमा होतं. या शेवटच्या प्रश्नाला घरातली दोन माणसं दोन उत्तरं देतात. दोन्ही लिहून घ्या.