म्हणून रुळांमध्ये फट ठेवतात

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी ‘शास्त्रीय कारणे द्या’चं उत्तर कसं लिहायचं ते सांगता येईल. दोन वाक्यांत कारण, मग ‘म्हणून’, आणि त्यापुढे प्रश्नातलंच विधान जसंच्या तसं. उष्णतेने धातू प्रसरण पावतात. फट नसेल तर रूळ वाकून अपघात होईल. म्हणून रेल्वेच्या रुळांमध्ये फट ठेवतात. दोन गुण. कारण आठवलं नाही तरी ‘म्हणून’ची ओळ लिहून यायची, बाई अर्धा गुण देतील ही आशा.

परिणाम प्रश्नपत्रिकेत छापूनच आलेला असायचा. तो खरा आहे का, ते बघणं आपल्याकडे नव्हतं. बाहेर जाऊन रूळ कोण बघतो?

बघायला हवे होते. १३ मीटरचा रूळ, जुने रूळ साधारण एवढेच असत, ४० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. करंगळीच्या नखाएवढी ही वाढ मावावी म्हणून दोन रुळांत फट आणि बाजूंनी जोडणाऱ्या फिशप्लेटा. गाडीची ती झोप आणणारी खडखड या फटींचीच. आता मुख्य मार्गावरून जाताना कान देऊन ऐका. सांधे बदलताना सोडलं तर खडखड जवळजवळ गेली आहे. रूळ वेल्डिंगने जोडून सलग केलेत, शेकडो मीटर, कुठे कुठे तर कित्येक किलोमीटर. मग पुस्तकातल्या प्रसरणाचं काय झालं?

लोखंड आपला स्वभाव सोडत नाही. पण रूळ खालच्या आडव्या स्लीपरना करकचून आवळलेले, स्लीपर खडीत रुतलेले. वाढायला वाव नसल्यामुळे ती वाढ आतल्या आत दाब होऊन बसते. शिवाय रूळ फार गारही नाही नि फार तापलेलाही नाही अशा तापमानाला पक्का करतात, म्हणजे उन्हाळ्यातला दाब आणि हिवाळ्यातला ताण दोन्ही आवाक्यात राहतात. कारण शाळेतलंच, पण त्याच्यापुढचं ‘म्हणून’ पार बदललं. पाठ केलेल्या उत्तराला हे कळायला मार्ग नाही.

याचा पुढचा भाग मुंबईकर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचतात: रुळाला तडा, लोकल विस्कळीत. गारठ्यात रूळ आकसू पाहतो, आकसता येत नाही, ताण वाढतो आणि एखादा कच्चा जोड दगा देतो. मागच्या गाड्या खोळंबतात, पुढच्या स्टेशनावर गर्दी तुंबते, कोणाचा तरी लेट मार्क लागतो. फलाटावर मात्र एवढंच ऐकू येतं की तांत्रिक कारणामुळे गाड्या उशिराने धावत आहेत. माझ्या मते हे कारण नाहीच. खऱ्या कारणाची जागा अडवायला एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल आहे. ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द’ हाही त्यातलाच. आगीच्या बातम्यांत शॉर्टसर्किट असतं. मथळ्यात ‘शॉर्टसर्किटमुळे’ ठणठणीत आणि शेवटच्या ओळीत ‘असा प्राथमिक अंदाज’. मी हल्ली बातमी खालून वर वाचतो.

आपल्या म्हणींना ही भानगड फार पूर्वीच उमगली होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे खोटं कारण. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे कारण नसून नुसता योगायोग. यांची उदाहरणं शोधायला घराबाहेर पडावं लागत नाही.

शास्त्रापेक्षा भूगोलाची कारणं जास्त फसवतात, असं मला वाटतं. ‘मुंबईत कापडगिरण्यांचा विकास झाला.’ उत्तर: दमट हवेमुळे सूत तुटत नाही, म्हणून. सूत कोरड्या हवेत तुटतं हे खरंच. पण मग रत्नागिरीची हवा काय कोरडी आहे? तिथे का नाही गिरणगाव झालं? कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढायचं ठरवलं ते १८५४ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावल्यावर वर्षभराने. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. शहरात पैसा खेळू लागला. १८६५ ला युद्ध संपलं तशी कित्येकांचं दिवाळं निघालं, पण बंदर, रेल्वे आणि व्यापारात मुरलेली माणसं जागेवरच होती. उलट जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपुरात, जिथे मे महिन्यात माणूसही भाजून निघतो. कापूस जवळ होता, रेल्वे होती. हवेचा दमटपणा पुढे यंत्रांनी आणता आला. इतकं सगळं दोन गुणांत मावत नाही, हे परीक्षकाच्या बाजूने मान्य करायला हवं.

कारणांची साखळी मांडावी कशी, हे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच दाखवून ठेवलं आहे. विद्या गेली की मती, मतीपाठोपाठ नीती, मग गती, मग वित्त. एका ओळीतला परिणाम पुढच्या ओळीत कारण होऊन उभा राहतो, आणि अखेरीस सगळी जबाबदारी एकट्या अविद्येवर येऊन पडते. हे वाचताना एखादी कडी ओढून बघावी. मती जाते ती विद्येवाचूनच का? वित्त गेलं की विद्याही परवडेनाशी होते, म्हणजे साखळी गोल फिरते का? असा वाद घालता येतो, कारण प्रत्येक जोड उघड्यावर ठेवलेला आहे. तांत्रिक कारणाशी वाद कसा घालणार?

शाळेत लेखी कारण देण्याची सवय लावणारा आणखी एक प्रकार होता, रजेचा अर्ज. ‘मला ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकलो नाही, तरी रजा मंजूर करावी ही विनंती.’ खाली वडिलांची सही. भारताचा सामना असला की आमच्या वर्गात तापाची साथ यायची. सर अर्ज शांतपणे वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि विचारायचे, “ताप नाणेफेकीच्या आधी आला, की नंतर?”