शेषन, सहा बळी आणि पान एक

रविवारची रात्र डेस्कवर आळसाची मानली जाते. कचेऱ्या बंद, कोर्ट बंद, शेअर बाजार बंद. मंत्र्यांची भाषणं असतात, पण ती कुठल्याही पानावर खपतात. १० नोव्हेंबर २०१९ चा रविवार मात्र पहिल्यापासूनच वेगळा होता. आदल्या दिवशी अयोध्येचा निकाल लागलेला. विधानसभेचे निकाल येऊन अडीच आठवडे होत आले तरी राज्याला सरकार नव्हतं. संध्याकाळी भाजपने राज्यपालांना कळवलं की आम्ही सरकार बनवत नाही. त्यानंतर राज्यपालांनी शिवसेनेला विचारणा केली. आणि आमच्या नागपुरात, जामठ्याला, भारत-बांगलादेश तिसरा टी-ट्वेंटी सामना. मालिका १-१ अशी अडलेली. दिल्लीत बांगलादेश जिंकलेला, राजकोटला आपण. आमचे अर्धे वार्ताहर वर्धा रोडवर आणि उरलेले फडणवीसांच्या घराकडे लक्ष ठेवून.

मी तेव्हा मुख्य उपसंपादक होते, पान एक माझ्याकडे. गडचिरोली आणि चंद्रपूरकडची डाक आवृत्ती आधी सुटते. सेनेला विचारणा झाल्याची बातमी तिच्यात जेमतेम बसली. क्रिकेटचा तिथे फक्त भारताचा डाव गेला: २० षटकांत ५ बाद १७४, श्रेयस अय्यर ३३ चेंडूंत ६२, राहुल ५२. निकालाची वाट पाहत गाडी थांबत नाही. त्या वाचकांना सोमवारी अर्धाच सामना मिळणार, हे त्यांनाही सवयीचं आहे.

शहर आवृत्तीसाठी मी पान मोकळं करत होते, तोवर जामठ्याचं चित्र पार बदललेलं. दीपक चहरने सुरुवातीलाच लिटन दास आणि सौम्य सरकारला लागोपाठच्या चेंडूंवर घालवलं होतं, पण मोहम्मद नईम आणि मिथुनने डाव असा उचलला की बांगलादेश २ बाद ११० पर्यंत पोहोचलं. क्रीडा डेस्कवरच्या पोराने पराभवाचा मथळा करून ठेवलेला. दव पडलेलं, चेंडू ओला, नईम एकटा ८१.

आणि तेवढ्यात, दहा वाजून गेल्यावर, बातमी आली: नव्वदच्या दशकात मुख्य निवडणूक आयुक्त असलेले टी. एन. शेषन गेले.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांचं ट्वीट आधी दिसलं, मग एजन्सीचा फ्लॅश. चेन्नईत राहत्या घरी, साडेनऊच्या सुमारास, हृदयविकाराचा झटका. वय ८६. माझ्या शेजारी बसलेल्या उपसंपादकाने, जो शेषन निवृत्त झाले तेव्हा बालवाडीत असेल, विचारलं, “ताई, सिंगल कॉलम घेऊ का?”

“दोन कॉलम, फोटोसह. आणि एजन्सीची कॉपी जशीच्या तशी टाकू नकोस.”

एजन्सीच्या कॉपीत चूक नव्हती. पण तिरुनेल्लै नारायण अय्यर शेषन म्हणजे ‘राजकारण्यांचा कर्दनकाळ’, एवढ्यावर ती थांबत होती. १९५५ च्या तुकडीचा, तामिळनाडू केडरचा हा माणूस १२ डिसेंबर १९९० ला निवडणूक आयोगात गेला, तेव्हा त्याच्यामागे पस्तीस वर्षांची नोकरी होती. मद्रासला परिवहन खात्यात असताना एका चालकाने त्यांना सुनावलं होतं म्हणे, की तुम्हाला बस चालवता येत नाही, इंजिन कळत नाही, तर आमची दुखणी काय कळणार! तर हे गृहस्थ वर्कशॉपमध्ये जाऊन इंजिन उघडायला शिकले आणि एकदा प्रवाशांनी भरलेली बस स्वतः चालवत घेऊन गेले. पुढे मदुराईचे जिल्हाधिकारी, मग अणुऊर्जा, अवकाश, मग पर्यावरण खात्याचे सचिव. तिथे असताना टिहरी आणि सरदार सरोवर या धरणांना त्यांनी हरकत घेतली. सरकारी नोकर असून सरकारच्याच प्रकल्पांना. १९८९ मध्ये कॅबिनेट सचिव, म्हणजे देशाच्या नोकरशाहीतली सगळ्यात वरची खुर्ची. आणखी एक गोष्ट मला कॉपीत हवीच होती. पालघाटला शाळेत त्यांच्या वर्गात ई. श्रीधरन होते. कोकण रेल्वेचे श्रीधरन. मराठी वाचकाला शेषन परके वाटत असतील तर या एका ओळीने ते जवळ येतात.

माझ्या शेजारच्या पोराने झटपट लिहून दिलं. मथळा होता, ‘निवडणुकीच्या मैदानातला कठोर पंच’. मी तो खोडला. शेजारी क्रिकेटची बातमी, म्हणून यांना पंच करायचं, हे फार सोपं झालं. शिवाय ते खरंही नाही. पंच सामना सुरू झाल्यावर निर्णय देतो. शेषन सामनाच होऊ देत नसत. त्यांच्या हाताशी स्वतःचे पोलीस नव्हते, न्यायालय नव्हतं. होती ती मतदानाची तारीख. ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांनी हुकूम काढला की आयोगाचे अधिकार सरकार मान्य करत नाही तोवर देशात एकही निवडणूक होणार नाही. त्यात प्रणव मुखर्जींचं राज्यसभेचं सदस्यत्व अडकलं आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. मतदारांना फोटो ओळखपत्रं देण्यासाठीही त्यांनी हीच तारीख वापरली. कार्ड नाही, तर मतदान नाही.

“पण ताई, आचारसंहिता त्यांनीच आणली ना?”

नाही. तिचा उगम १९६० च्या केरळमधला. आयोगाला अधिकार देणारं घटनेचं कलम ३२४ तर पहिल्यापासूनचंच. मुख्य आयुक्ताला हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकी लांब वाट चालावी लागते, हेही त्यातच लिहिलेलं. शेषननी नवीन काही आणलं नाही. जे होतं ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ऐकलं नाही तर तारीख काढून घेतली. म्हणून ‘निवडणूक सुधारणांचे जनक’ हेही मी काढलं.

हे सगळं बोलेपर्यंत क्रीडा डेस्कवर आरडाओरडा. शिवम दुबेने मुशफिकूरला पहिल्याच चेंडूवर उडवलेलं, मग नईम, मग अफिफ. चहरने अठराव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर शफिउल घेतला. मधे दुसऱ्याचं षटक गेलं. विसाव्यात पहिल्या चेंडूवर मुस्तफिझूर, दुसऱ्यावर अमिनूल. संपलं. १४४ सर्वबाद. आठ गडी चौतीस धावांत. पहिला बळी आधीच्या षटकातला असल्यामुळे हॅटट्रिक झाली हे आमच्यापैकी दोघांना आधी कळलंच नाही. ३.२ षटकं, ७ धावा, ६ बळी. श्रीलंकेच्या अजंता मेंडिसचा ८ धावांत ६ बळींचा विक्रम मोडला. टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामन्यात भारताच्या पुरुष संघाची पहिली हॅटट्रिक, आणि तीही आमच्या गावात.

म्हणजे आता पान एकवर सेना, शेषन आणि चहर. जाहिरात अर्धं पान खाऊन बसलेली. तिला हात लावायचा नाही हा आमच्याकडचा धर्मच. वृत्तसंपादकांचं म्हणणं, क्रिकेट वर, चार कॉलम. गावातला सामना आहे, सकाळी लोक आधी तेच शोधतील. हे मला पटलंच. वाद झाला तो शेषनवर. सर म्हणाले, दोन कॉलम जास्त होतात, एक पुरे, बाकी आत वळव.

तेव्हा मी त्यांना एक गोष्ट दाखवली. १९९७ मध्ये शेषन राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले, के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध. जवळजवळ सगळे पक्ष नारायणन यांच्या बाजूला. शेषनना पाठिंबा दिला तो शिवसेनेने. आणि त्याच शेषनच्या काळात, १९९५ मध्ये, महाराष्ट्रात सुमारे ७२ टक्के मतदान होऊन सेना-भाजप पहिल्यांदा सत्तेवर आले होते. आज ती युती मोडायच्या बेताला, सेनेला राज्यपाल विचारतात, त्याच रात्री हा माणूस जातो. ही बातमी इतर कुठल्या राज्याच्या पेपरात एका कॉलमाची असेल, आपल्याकडे नाही.

सर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, “चौकट करू नकोस. सेनेला टोमणा मारल्यासारखं दिसेल. कॉपीत घाल.”

दोन कॉलम मिळाले. चौकट मलाही फारशी आवडली नसतीच; निधनवार्तेला चमकदार चौकटी शोभत नाहीत.

पोराला आणखी एक अडचण होती. १९९९ मध्ये शेषन काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरमधून अडवाणींविरुद्ध लढले आणि हरले, हे लिहायचं का? आजच गेलेत. मी म्हटलं, लिही. सरकारने १९९३ मध्ये दोन आणखी आयुक्त आणून बसवले, त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये तिथेही हरले, तेही लिही. मॅगसेसे मिळाला ते जसं लिहिलंस तसंच. त्यांची आडमुठी बाजू गाळली तर उरतो तो पुतळा. बहुसदस्य आयोग आज सगळ्यांना स्वाभाविक वाटतो. तो कायमचा झाला तो शेषनना आवर घालायला, हे विसरायला नको.

पान लावणारे दादा तोवर वैतागलेले. “ताई, अजून किती घुसवून राहिल्या? प्लेट जायची वेळ झाली.” मी पोराचे दोन परिच्छेद कापले. बस राहिली, श्रीधरन राहिले, धरणं गेली. धरणं जायला नको होती, पण बस वाचकाला ओढून घेते आणि धरणांना समजावून सांगायला ओळी लागतात.

खेळाच्या पानावर आणखी पुष्कळ होतं. वेस्ट इंडीजमध्ये शेफाली वर्माने ४९ चेंडूंत ७३ केले होते. १५ वर्षं २८५ दिवस वयाची ही मुलगी आंतरराष्ट्रीय अर्धशतक करणारी सर्वांत तरुण भारतीय ठरली, सचिनला मागे टाकून. एरवी हीच बातमी पान एकवर गेली असती. चहरने ती आत ढकलली. बॅडमिंटनची चीन ओपन मोमोताने जिंकली. लिव्हरपूलने मँचेस्टर सिटीला ३-१ हरवलं ते मध्यरात्रीच्या आधी जेमतेम सापडलं, तेही आमच्या एका फुटबॉलवेड्याने दुसऱ्या खिडकीत स्कोअर उघडून ठेवला होता म्हणून. लंडनला टेनिसमध्ये थीमने फेडररला हरवलं, तेव्हा आमची शेवटची आवृत्ती सुटून गेली होती.

सोमवारी सेनेला पाठिंब्याची पत्रं वेळेत मिळाली नाहीत, मंगळवारी राष्ट्रपती राजवट लागली. डाक आवृत्तीच्या वाचकांसाठी शेषनवरचा पूर्ण मजकूर मी मंगळवारच्या आतल्या पानावर लावला, या वेळी धरणांसकट. त्याच मंगळवारी चहर राजस्थानकडून मुश्ताक अली स्पर्धेत खेळला, तेही आपल्याच विदर्भाविरुद्ध, आणि त्याने चार बळी घेतले. तीन एकाच षटकात, पण मधे एक वाईड. हॅटट्रिक म्हणायचं की नाही यावर क्रीडा डेस्क रात्री उशिरापर्यंत भांडत होता. माझ्या पानावर जागा नव्हती, त्यामुळे मी त्या भांडणात पडले नाही.