कुठलं झायलीन?

"मॅडम, गूगलवर पहिल्याच ओळीत आलं होतं."

एस.वाय.च्या मुलीनं जर्नलमध्ये झायलीन या द्रावकाचा उत्कलनबिंदू १३८ अंश लिहिलेला. मी विचारलं, कुठलं झायलीन? तिनं बाटली उचलून पाहिली. लेबलवर बारीक अक्षरांत ९५-४७-६. "हा बॅच नंबर ना?"

नाही गं, हा कॅस क्रमांक. प्रत्येक पदार्थाचा वेगळा. पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन माहितीसंग्रहात टाकायला लावला. निघालं ऑर्थो-झायलीन, १४४ अंश. तिनं लिहिलेला आकडा पॅरा-झायलीनचा. रेणुसूत्र एकच, रचना वेगळी. पॅरा तर १३ अंशांनाच गोठतं.

मग शेवटच्या ६ ची गंमत दाखवली. आधीचे अंक उजवीकडून घ्यायचे: ७ गुणिले १, ४ गुणिले २, ५ गुणिले ३, ९ गुणिले ४. बेरीज ६६, म्हणून शेवटी ६. क्रमांक उतरवताना एखादा अंक चुकला तर बहुतेक वेळा इथंच पकडला जातो. पुढची दहा मिनिटं सगळी बॅच कपाटातल्या बाटल्यांची लेबलं तपासत होती!

ब्युरेटचं रीडिंग डोळ्याच्या पातळीत घ्यायला आपण किती जीव तोडून शिकवतो. माहिती कुठून घ्यायची, ती कशी पडताळायची, यासाठी मात्र टाइमटेबलमध्ये एक तास नाही. मला हे फार खुपतं.

तुमच्या कॉलेजात हे कुणी शिकवतं का? कितव्या वर्षाला?