शिसं वितळतं पटकन, निवडायलाच जीव जातो

गळाला लावायची वजनं घरीच ओतायची ठरवली तेव्हा ज्याला विचारलं तो एकच सांगायचा, "शिसं काय, लगेच वितळतं." खरं आहे. ३२७ अंशांना वितळतं, गॅसच्या शेगडीवर, लोखंडी भांड्यात. पण भंगारात शिसं म्हणून जे मिळतं त्यात शिसं किती असतं, हे यांतल्या एकानेही सांगितलं नाही. माझा वेळ शेगडीपुढे गेलाच नाही, भंगाराच्या बादलीपुढे गेला.

चाकं बॅलन्स करताना रिमला जी छोटी वजनं ठोकतात, त्या जुन्या वजनांची बादली मी टायरवाल्याकडून वजनावर घेतली. "सगळं शिसंच आहे," तो म्हणाला. घरी येऊन कागदावर ओतली तर व्हॉल्वची तुटकी तोंडं, सिगारेटची थोटकं, ओली वाळू, चिकटपट्टीचे तुकडे, आणि या सगळ्यात मिसळलेलं जस्त आणि लोखंड. युरोपियन युनियनमध्ये २००५ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना शिशाची वजनं लावणं बंद झालं आणि वजनं बनवणारे जस्ताकडे, लोखंडाकडे वळले. त्यामुळे बादली जितकी अलीकडची तितकं तिच्यात शिसं कमी. विकणाऱ्याला त्याचं काय, काटा तेवढाच पडतो.

लोखंड चुंबकाने ओळखू येईल असं वाटतं. पण शिशाच्या वजनाची क्लिपही लोखंडाचीच, त्यामुळे चुंबक सगळ्यांनाच चिकटतो. क्लिप सोडून वजनाच्या पोटाला लावून बघायचं. जस्ताच्या काही वजनांवर 'झेडएन' अशी खूण असते. रंगाचा थर आणि ब्रेकची काळी धूळ यांच्याखाली ती दिसेल तर शपथ. शेवटी कटिंग पक्कड हाती घेतली. शिसं असेल तर पकडीचं तोंड आत रुततं आणि चकचकीत चर पडतो. जस्तावर ते घसरतं, नुसता ओरखडा उठतो. फरशीवर टाकून पाहिलं तर शिसं 'थप्प' करून पडतं, जस्त 'टण्ण' वाजतं. एकेक वजन असं दाबून पाहायचं. मनगट भरून येतं, बादली काही हलत नाही, आणि मधूनच कोणीतरी सल्ला देतं, "एवढं काय बघत बसलायस, टाक सगळं, वर येईल ते काढ."

वर येतं, पण आच ताब्यात असेल तरच. जस्त ४१९ अंशांना वितळतं. थर्मामीटरवर ३७०च्या पुढे जाऊ दिलं नाही तर चुकून आलेला जस्ताचा तुकडा घट्टच राहतो आणि हलका असल्यामुळे तरंगतो. लोखंडी क्लिपाही तशाच वर येतात, झाऱ्याने काढता येतात. मोठी आच लावली की जस्त शिशात मिसळतं, रस दाटतो, वर गुठळ्या धरतात आणि साचा कोपऱ्यांपर्यंत भरत नाही. नंतर ते वेगळं करणं घरच्या शेगडीवर होण्यासारखं नाही. म्हणून थर्मामीटरवर पैसे घाला, बाकी सगळं जुनंपानं चालतं.

भांडं अॅल्युमिनियमचं मात्र नको. आणि एकदा शिशाला वापरलेलं भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, कितीही घासलं तरी.

ओल्या वाळूचं राहिलं. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते, सोळाशे पटींहून जास्त फुगते आणि तापलेला रस अंगावर उडतो. माल उन्हात खडखडीत वाळवा, थंड भांड्यात एकदमच भरा, मग आच लावा. रस तयार झाल्यावर वरून भंगाराचा नवा तुकडा टाकायचाच नाही. चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट हे खरं तर मी आधी लिहायला हवं होतं.

गाडीची बॅटरी फोडून शिसं काढायचा विचारही करू नका. आत आम्ल असतं आणि त्या प्लेटांच्या मळीतून विषारी वायू सुटू शकतात. शिशाचे जुने पाण्याचे पाईप, शिशाचेच छपराचे पत्रे मिळाले तर सोनंच. मऊ, स्वच्छ, निवडण्याची कटकट नाही.

रस झाला की मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं. मेण धूर करतं, पेटही घेतं, म्हणून हे काम उघड्यावरच. वरची करडी साय बरीचशी परत शिशात जाते आणि काळी भुकटी उरते. या तापमानाला शिशाच्या वाफेपेक्षा ही भुकटीच जास्त घातक. झाकणाच्या डब्यात भरायची, सांडली तर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायची. हात धुतल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही, कपडे वेगळे धुवायचे, लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. सुरुवात करण्याआधी मी रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेतली, म्हणजे पुढे तुलना करायला आकडा हाताशी राहतो.

ओतण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. साचा गार असेल तर पहिली वजनं सुरकुतलेली निघतात, ती परत भांड्यात. साचा तापला की आपोआप गुळगुळीत येतात. अगदी बारीक वजनं मी ओतत नाही. पाणपक्षी ती खडे समजून गिळतात. हंस मरायला लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

उरलेल्या शिशाच्या लाद्या पाडल्या आणि प्रत्येकीवर छिन्नीने 'शिसं, निवडलेलं' असं कोरून ठेवलं. ती पक्कड पुन्हा हातात धरायची माझी तयारी नाही.