बढाईखोर राजाच्या दारात: अबू सिंबेल

इजिप्तच्या दक्षिण टोकाला डोंगरात कोरलेली दोन देवळं, तेच अबू सिंबेल. आस्वान शहराहून ते जवळपास तीनशे किलोमीटर. गाड्या पहाटे चारच्या सुमारास निघतात. नाश्ता बांधून द्यायला हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आमच्या दशम्या उजाडायच्या आतच संपल्या! वाटेत नुसतं वाळवंट. मुलांना खुशाल झोपू द्या.

टेकडीला वळसा घातला की मोठ्या देवळाच्या दारात इजिप्तचा प्राचीन राजा रामसेस (दुसरा) समोर बसलेला दिसतो. एकदा नाही, चारदा! प्रत्येक पुतळा सुमारे २० मीटर उंच. आई, राणी, मुलं यांच्या मूर्तीही आहेत, पण त्याच्या गुडघ्याच्या वर एकही जात नाही. एका पुतळ्याचं धड प्राचीन काळीच भूकंपात कोसळलं. त्याच्या डाव्या पायावर ग्रीक भाडोत्री सैनिकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी कोरलेली अक्षरं शोधा. आपल्या गडकिल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांचे पूर्वजच!

आत गाइडला बोलायची परवानगी नसते, म्हणून गोष्ट बाहेरच ऐकून घ्या. उजव्या भिंतीवर आजच्या सीरियातल्या कादेशची लढाई आहे, इ.स.पू. १२७४ ची. शत्रू होते आजच्या तुर्कस्तानातले हित्ती. ते अजून लांब आहेत अशी थाप वाटेत भेटलेल्या दोघा भटक्यांनी मारली आणि रामसेस चक्क फसला. मग पकडलेल्या हित्ती हेरांना बडवल्यावर खरं काय ते कळलं. ती काठ्यांची मारझोड भिंतीच्या खालच्या पट्ट्यात कोरली आहे, मुलांना आधी तीच दाखवा. वर रथातला राजा जणू एकटाच सगळ्या फौजेला लोळवतोय. प्रत्यक्षात कादेश हित्तींकडेच राहिलं, आणि पुढे दोघांनी तह केला. पण भिंत राजाची, छिन्नीही त्याचीच!

शेजारचं नेफरतारी राणीचं देऊळ आधी बघा, कारण सगळी गर्दी मोठ्या देवळाकडे धावते. इथे मात्र राणीचे पुतळे राजाच्या उंचीचे आहेत. इजिप्तमध्ये हे फार क्वचित दिसतं.

आणि हो, ही देवळं मूळ जागेवर नाहीत. आस्वानच्या धरणात बुडू नयेत म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ती कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. नीट पाहिलं तर काही ठिकाणी सांधे दिसतात. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात पोचतात, पण त्या दिवशी लहान मुलांना घेऊन जाऊ नका, गर्दीत हाल होतील. टोपी, भरपूर पाणी आणि स्वच्छतागृहासाठी सुट्टे पैसे लागतातच.

कैरोत फुस्तात भागातल्या संग्रहालयात खुद्द रामसेसची ममी आहे. तिथे फोटो काढू देत नाहीत. ती अबू सिंबेलनंतर बघायला मिळेल असाच बेत आखा. तब्बल ६६ वर्षं राज्य करून नव्वदीच्या घरात वारलेला, सांधेदुखीने वाकलेला म्हातारा. उंची साधारण १.७ मीटर.