नागपुरात मर्टल: उन्हाला घाबरू नका, पाण्याला घाबरा

मर्टलचं, म्हणजे विलायती मेंदी म्हणतात त्या सुगंधी पानांच्या झुडपाचं, कुंपण लावायचं म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला, "अहो पण आपल्या उन्हात टिकेल का ते?" टिकतं हो. तिकडे अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला आपल्यासारखाच ४५ च्या वर पारा जातो आणि तिथं घरांपुढे मर्टलची कुंपणं उभी आहेत. याचा खरा वैरी मे नाही, जुलै-ऑगस्ट आहे, आणि हे कुणी सांगतच नाही म्हणून आज लिहून राहिले.

हे झाड भूमध्य समुद्राच्या काठचं, तिकडे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा जातो कोरडा, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटं. उकाडा आणि मुळाशी साचलेलं पाणी दोन्ही एकदम याला चालत नाही आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेमकं तेच होतं, त्यात आपली काळी माती, एकदा भिजली की फुगून बसते आणि पाणी सोडतच नाही. काटोल-नरखेडच्या कुठल्याही संत्रावाल्याला विचारा, बुंध्याशी पाणी थांबलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आलाच समजा म्हणेल. मर्टलची मुळंही अशीच कुजतात, वरून पानं पिवळी दिसली की लोकांना वाटतं पाणी कमी पडून राहिलं, मग ते अजून पाणी घालतात आणि झाड जातं.

त्यामुळे खड्डा करून लावूच नका. फूट-दीड फूट उंच वरंबा करा, त्यात काळी माती कमी, मुरूम आणि जाड रेती भरपूर, थोडं चांगलं कुजलेलं शेणखत, बस. कुंपण हवं असेल तर दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर पुरे. आणि आपण सगळे पहिल्या पावसाला झाडं लावतो ना, याला मात्र दसऱ्यानंतर लावा, म्हणजे थंडीत मुळं धरतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाड जरा दमदार झालेलं असतं. पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाला हिरवी नेट बांधा, पाणी रोज शिंपडण्यापेक्षा मधे दिवस सोडून पण खोलवर द्या. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र नको, पाणी उडून उडून खाली क्षार साचलेले असतात त्यात.

नर्सरीत विलायती मेंदी म्हणून मागाल तर दुसरंच काहीतरी हातात देतील, बहुतेकदा कामिनी नाहीतर साधी मेंदी. बघून घ्या. मर्टलची पानं छोटी, टोकदार, चकचकीत, फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात. चुरगाळली की मस्त सुगंध येतो, मेंदीला तसा येत नाही. कामिनीचं पान कढीपत्त्यासारखं एका देठावर अनेक पानं असं असतं, तिथंच फरक कळतो. फूल आलेलं असेल तर प्रश्नच मिटला, पांढऱ्या पाच पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुपका, थेट पेरूचं फूल लहान करून ठेवल्यासारखं, कारण पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी सगळं याच कुळातलं. फळं निळसर काळी येतात, इटलीच्या सार्डिनिया बेटावर त्यांच्यापासून मिर्तो नावाची दारू करतात.

आता कुंपण की झाड? स्पेनमध्ये ग्रॅनाडाच्या अलहंब्रा महालात लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंनी मर्टलची एकसारखी कापलेली कुंपणं आहेत, फोटो बघून कुणालाही तसंच करावंसं वाटतं. पण सारखी कात्री चालवली की कळ्याच कापल्या जातात, मग फुलंही नाही अन् फळंही नाही, नुसती हिरवी भिंत. तेवढंच हवं असेल तर नागपुरात कामिनी नाहीतर मेंदी लावा ना, स्वस्तात होतं आणि भराभर वाढतं, मर्टल फार हळू वाढतं. म्हणून माझं मत विचाराल तर एकच रोप घ्या आणि त्याचं छोटं झाड करा. दोन-तीन चांगले सरळ फुटवे ठेवायचे, बाकीचे बुडातून काढायचे आणि दरवर्षी खालच्या फांद्या थोड्या थोड्या कमी करत जायचं, एकदम नाही. हळूहळू दहा-बारा फुटांचं होतं, फ्लॅटच्या समोरच्या छोट्या पट्टीतही मावतं, वायरींना लागत नाही.

छाटणी फुलं संपल्यावर हलकीच करा. छाटलेल्या फांद्यांतल्या अर्धवट पिकलेल्या, म्हणजे खाली जराशा कडक आणि वर कोवळ्या अशा काड्या रेतीत खोचून सावलीत ठेवा, मुळं यायला वेळ लागतो, मधे मधे उपटून बघू नका.