ठासणीच्या बंदुकीची लाकडी प्रतिकृती : नोंद चौथी

मागच्या नोंदीत ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकीच्या प्रतिकृतीच्या दस्त्याचा ढोबळ आकार निघाल्याचे लिहिले होते. त्यानंतरच्या तीन रविवारांत नळीची खोबण कोरून पूर्ण झाली आणि चाप ओढल्यावर आपटणाऱ्या घोड्याच्या बाजूची पट्टी बसवण्याचे काम सुरू झाले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी पुन्हा सांगतो की ही प्रतिकृती केवळ पाहण्यासाठी आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारागिराकडून कातून घेतलेली नळी भरीव शिसवीची असून तिला भोक पाडलेले नाही आणि पाडणारही नाही.

मूळ बंदूक मुरबाडच्या माझ्या थोरल्या काकांची. भाताच्या खाचरांत रानडुकरे शिरत, तेव्हा नुसता बार काढून त्यांना हुसकावण्यासाठी त्यांनी शेतीसंरक्षणाचा परवाना घेतला होता. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे, आणि त्यामुळेच खेडोपाडी ती इतकी दिसे. काका गेल्यावर चुलतभावाने ती विकण्याचा प्रयत्न केला, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. परवानाधारकालाच ती विकता येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येत असल्याने, त्या दोन जागांपैकी एक जागा दर बाराला दारू, गोळी आणि गज घेऊन ठासत बसावे लागणाऱ्या बंदुकीला कोण देईल? शेवटी ती सरकारकडे जमा झाली. त्यापूर्वी त्याने मला तिची सगळी मापे घेऊ दिली, त्यावरच हे काम उभे आहे.

ज्या अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांच्या छंदाचा बाजार सर्वांत मोठा, तिथला इतिहास वाचताना मला एक साम्य जाणवले. थॉम्पसन सेंटर कंपनीने १९७० मध्ये हॉकन या जुन्या अमेरिकी बंदुकीच्या घडणीची, बाहेरच्या बाजूला घोडा असलेली बंदूक बाजारात आणली आणि ती खूप खपली, कारण तिथल्या अनेक राज्यांनी तोंडाकडून भरायच्या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला होता. पुढे १९८५ मध्ये बंदूक बनवणारे टोनी नाईट यांची एमके-८५ ही बंदूक आली; तिच्यात ठिणगी नळीच्या सरळ रेषेत मागून पडते आणि साफसफाई सोपी होते. हंगाम तोच राहिला, पण बहुतेक शिकारी नव्या घडणीकडे गेले. २०२१ मध्ये गोएक्स या काळ्या दारूच्या कारखान्याचे उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली, तेव्हा चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या, बंदुका वापरणारे हवालदिल झाले, कारण पर्यायी दारू त्या ठिणगीने सहज पेटत नाही. २०२२ मध्ये एस्टेस या कंपनीने तो कारखाना घेतल्यावर त्यांना धीर आला. माझ्या मते दोन्हीकडचे बहुसंख्य गिऱ्हाईक कायद्याने दिलेल्या सवलतीसाठी आले होते, आणि बंदुकीच्या घडणीवर जीव असणारे तेव्हाही मूठभरच होते.

आता पट्टीकडे वळतो. पितळी पट्टी लाकडात तंतोतंत बसवण्यासाठी मी जुनीच रीत वापरली : निरांजनाचे काजळ पट्टीला पुसायचे, ती जागेवर दाबायची आणि लाकडावर जिथे काळा डाग उमटेल तिथलेच लाकूड पटाशीने खरवडायचे. एका बाजूसाठी हे चाळिसेक वेळा करावे लागले. तरीही मागच्या टोकाला, जिथे शिसवीचे रेशे उलटे वळतात, पटाशी दोन मिलिमीटर खोल गेली. तिथे त्याच फळीची पातळ कपची चिकटवली आहे. तेलाचा हात फिरल्यावर सांधा किती दिसतो ते कळेल.

घोडा पूर्ण ओढलेला ठेवावा की अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धाच मागे ओढून अडकवलेला, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. काका तो नेहमी अर्ध्या खाचेवर ठेवत, म्हणून माझा कल तिकडे आहे. कोणाच्या घरी अशी बंदूक जमा करण्याच्या बेतात असेल, तर घोड्याच्या मानेचा बाक आणि ठिणगी देणारी टोपी बसते त्या बोंडाची उंची तेवढी मोजून मला कळवावी, कारण माझ्या कागदावर ही दोनच मापे पुसट झाली आहेत.